जावयाला वाणात दिलेला डबा

आवाजाला हात लावून तो गार आहे की कोमट हे सांगणारा माणूस सगळ्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या मुलीच्या वाट्याला आला. माझे जावई. राहणार खामगाव. लोकांचे जावई सासुरवाडीला आले की खुर्ची कुठे आहे ते पाहतात. आमचे जावई उंबऱ्यात उभे राहून आधी एक टाळी वाजवतात, मान वाकडी करून ती कुठे जाते ते ऐकतात, आणि ती विरली की मगच चप्पल काढतात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मधले काही रविवार सोडले तर टाळी चुकलेली नाही. सुरुवातीला आजूबाजूच्या मळ्यातल्या बाया विचारायच्या, तुमचे जावई दारात कोंबड्या हाकलतात काय. मी सांगायचे, नाही, ते खोलीला काहीतरी विचारतात. त्यावर बाया पुढचं विचारायच्या नाहीत.

टाळीला ते वेळ-काळ पाहत नाहीत. बीबी गावाला माझ्या थोरल्या भावाची तेरवी होती. माणसं गच्च बसलेली, समोर हार घातलेला फोटो, कोणी बोलत नव्हतं. जावई दारात आले आणि त्यांनी टाळी वाजवली. सगळ्या माना वळल्या. भावाचा मुलगा रागानं उठला आणि त्यांच्याकडे चालत गेला. जावई वर पाहत म्हणाले, "हा स्लॅब नवा टाकला काय? आवाज लय फेकून राह्यला." स्लॅब खरंच नवा होता. घरात एवढी माणसं येऊन गेली होती, पण त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. भाचा तिथेच बसला आणि त्यानं सिमेंट कुठून आणलं, सेंट्रिंगवाल्यानं कसा घोळ घातला, पाणी किती दिवस मारलं, हे सगळं अर्धा तास सांगितलं. बापाच्या दुखण्याबद्दल त्यानं तेरा दिवसांत कोणाला तेवढं सांगितलं नव्हतं.

जावयांचं म्हणणं असं की आजकालचे सगळे आवाज गार आहेत. मोबाइल गार, टीव्ही गार, लग्नातला डीजे तर बर्फ. कॉलेजातल्या नोकरीच्या जोडीला सुरू केलेला त्यांचा धंदाही त्यातूनच निघालेला. पूर्वी आवाजाच्या यंत्रात काचेचे वॉल्व्ह असायचे, दिव्यासारखे, आत लाल तार. आवाज त्यांच्यातून गेला की बाहेर येताना थोडी ऊब घेऊन यायचा. आता कॉम्प्युटर आवाज पकडतो तो इतका स्वच्छ की घासून घासून भांड्याची कल्हई जावी तसा. म्हणून जावई काय करतात, तर माईकचे आवाज एकत्र करणारं एखादं जुनं वॉल्व्हचं मिक्सर गाठतात, त्यात एका बाजूनं हजार तऱ्हेच्या शिट्ट्या सोडतात, दुसऱ्या बाजूनं त्या कशा होऊन बाहेर येतात ते मोजतात, आणि तो सगळा स्वभाव कॉम्प्युटरात लिहून काढतात. मग कोणी कुठेही गाणं रेकॉर्ड करो, त्यानं आपला गार आवाज त्या प्रोग्रॅममधून काढायचा. यंत्र नाही, नुसता यंत्राचा स्वभाव. मी चौथी शिकलेली बाई, मला हे कळायला दोन दिवाळ्या लागल्या. कळलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे मेलेल्या सासूच्या हातची आमटी सुनेकडून करून घ्यायची." जावयांनी ते वहीत लिहून घेतलं. मुलगी म्हणाली, "आवाज गरम करता करता यांचा चहा रोज गार होते, ते बी लिहा."

त्यांच्या घरी जाणं हा एक वेगळाच अनुभव असतो. खामगाव कापसाचं गाव, गाद्यांना तोटा नाही. यांच्याकडे आठ गाद्या आहेत आणि आठही भिंतीला टांगलेल्या आहेत. आवाज भिंतीवर आपटून दुखावतो म्हणे. पाहुणा सतरंजीवर झोपतो. जेवताना ते ताट बोटानं वाजवून पाहतात, पाण्याचे पेले रांगेत लावून त्यातला कोणता बेसूर आहे ते सांगतात, आणि तो पेला मुलीच्या धाकट्या नणंदेच्या नवऱ्याला देतात, कारण त्याला काही कळत नाही. भाजीत मीठ नसेल तर त्यांना समजत नाही. कुकरची शिट्टी नेहमीपेक्षा जाड झाली की जेवता जेवता उठतात.

या माणसाचा आणि माझा संबंध मुलीमुळे आला असं लोक समजतात. खरं म्हणजे तो एका डब्यामुळे आला. आमचे मालक, म्हणजे मुलीचे वडील, लाउडस्पीकरवाले होते. शेती होतीच, पण दुसरबीडच्या पंचक्रोशीत लग्न असो, बैलबाजार असो, कोणाची सभा असो, भोंगे आमचे. त्यांच्याकडे एक मिक्सर होतं. त्याला आम्ही डबाच म्हणायचो. राखाडी पत्रा, चार माईक लावायची भोकं, आत पाच वॉल्व्ह, समोर सहा बटणं. त्यातलं एक बटण कधीतरी हरवलं, तिथे मालकांनी टूथपेस्टचं टोपण बसवलं होतं. डबा चालू केला की आधी गुणगुणायचा, मग तापायचा, मग बोलायचा. मालकांची लग्नातली घोषणा ठरलेली होती: "वऱ्हाडी मंडळींना विनंती आहे, जेवून जावे, न जेवता कोणीही जाऊ नये." हे जन्मभर सांगणारा माणूस शेवटी एका सकाळी चहासुद्धा न घेता गेला, ती गोष्ट वेगळी.

मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, आणि नवरदेव मान लांब करकरून बाजूला पाहत होते. बाया हसायला लागल्या. "नवरदेवाले धीर नाही वो." मी त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं, तर मुलगी समोर होती आणि नजर उजवीकडे, लिंबाखालच्या टेबलावर. टेबलावर डबा होता. अक्षता पडल्या, हार घातले, आणि मुंडावळ्या बांधलेला हा माणूस थेट मालकांकडे गेला. "मामा, हा डबा कोठचा?" मालकांनी तोवर वीस वर्षं मांडवात काढली होती. तेवढ्यात लोकांनी त्यांना तीनच गोष्टी सांगितल्या होत्या, आवाज वाढवा, आवाज कमी करा, बंद करा. डबा कुठला हे कोणी विचारलं नव्हतं. एकुलत्या एका मुलीच्या पाठवणीला मालक रडले नाहीत. ते जावयांना वॉल्व्हचे नंबर सांगत होते. गाडीत बसलेली मुलगी काचेतून पाहत होती की आपल्याला नवरा घ्यायला येतो की नाही.

पुढे डीजे आले आणि भोंगे बसले. मालकांनी डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि त्याला रेडिओ जोडला. दुपारभर तो वाजायचा. डब्याचं झाकण चांगलं तापायचं, म्हणून मी त्यावर विरजणाचा गंज, म्हणजे दह्याचं पातेलं, ठेवायला लागले. थंडीत दही लवकर लागत नाही. डब्यावर ठेवलं की दुपारच्या आत लागायचं, आणि असं की गंज पालथा केला तरी पडायचं नाही. मालक गेले तेव्हा रेडिओ थांबला. माझी थंडी काही थांबली नाही. मी बटण दाबायचे आणि गंज ठेवायचे. ना माईक, ना गाणं, डबा आपला गुणगुणत बसायचा.

मग अधिक महिना आला. जावयाला वाण द्यायचं असतं. मुलीला विचारलं, यांना काय देऊ. अंगठी घालत नाहीत, बोटाला जड होते म्हणतात. कपड्यांचा रंग त्यांना कळत नाही. मी डबा ओल्या फडक्यानं पुसला, कुंकू लावलं, त्यावर ताट ठेवलं, ताटात तेहतीस अनारसे आणि दिवा. अधिकात जावयाला देव मानून सासू त्याच्या पाया पडते. मी वाकायच्या आत जावईच डब्याच्या पाया पडले. मग ताट उचललं तर झाकणावर पांढरी वर्तुळं दिसली.

"मामी, हे काय आहे?"

"दह्याच्या गंजाचे डाग."

"डबा चालू असतानी ठेवत होत्या?"

"बंद डब्यावर दही लवकर लागते काय?"

जावई खाली बसले. त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं की वॉल्व्हला आयुष्य असतं. पाचातले चार जुन्या बाजारात मिळतील. पाचवा, सगळ्यात मोठा, कुठेच मिळत नाही, ते कित्येक वर्षं शोधत होते. आणि तो मी हिवाळ्यामागून हिवाळे जाळला होता. "मामी," ते म्हणाले, "तुम्ही मामांचा आवाज दह्यात घातला."

"दही बी चांगलंच लागे," मी म्हणाले.

मग त्यांनी वाटी पुढे केली. "वाढा मग थोडं." त्या दिवशी ते तीन वाट्या दही जेवले. प्रत्येक घास तोंडात धरून बसायचे. काय ऐकत होते कोण जाणे.

डबा खामगावला गेला. जावयांनी या कामासाठी कॉलेजातली नोकरी सोडली. हे मला मुलीनं नंतर सांगितलं, आणि फोनवर सांगताना ती भांडी जरा जोरात घासत होती. बाहेरगावच्या एका कंपनीनं त्यांचा प्रोग्रॅम घ्यायचं कबूल केलं होतं, पण पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या आत. जावयांनी महिनोन्‌महिने शिट्ट्या सोडल्या, मोजलं, लिहिलं, आणि प्रोग्रॅम तयार झाला. कंपनीला नमुना आवडला. झालं होतं काम. पण यांनी मध्येच फाटा फोडला. म्हणे तो डबा रोज ऐकलेला माणूस जगात एकच उरला आहे, मामी. त्या हो म्हणतील तरच देईन.

त्यांनी मला का निवडलं त्याला कारण आहे. मुलीला पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी खरं ते सांगायचे. भाकरी गोल येत नाही, राग लवकर येतो, आणि आला की दोन दिवस राहतो. सहा स्थळं चहा पिऊन गेली. सातवे हे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिचा आवाज ऐकवता काय?" तेव्हापासून त्यांचा माझ्या शब्दावर भरवसा.

तर ते लॅपटॉप आणि दोन स्पीकर घेऊन आले. मुलीकडून मालकांचीच घोषणा वाचून घेतली होती, आणि ती या कॉम्प्युटरातल्या डब्यातून काढली होती. वऱ्हाडी मंडळींना विनंती आहे, जेवून जावे. मी ऐकलं.

"चांगला आहे," मी म्हणाले. "आपला नाही."

"काय कमी आहे?"

"ते मले काय माहीत? मालक दुसऱ्याच्या चपला घालून आले त पावलं वेगळी ऐकू येत. तसं आहे."

ते गेले आणि महिन्यानं पुन्हा आले. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा मुलगीही आली होती. तिनं मला चुलीपाशी गाठलं. "आई, एक हाव म्हणून दे. हो म्हणाली त तुयं काय जाते?"

"खोटं बोलू?"

"जन्मात कधी बोललीच नाही काय?"

"बोलले असते त तुयं लग्न दोन वर्षं आधी झालं असतं."

ती हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "नोकरी सोडून बसले ते. तू नाही म्हणते अन् ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. कंपनीले होय वाटते, साऱ्या जगाले होय वाटते. दिवाळी निघून गेली त मी काय करू, सांग." मला तिचं म्हणणं पटत होतं. तरी बाहेर जाऊन मी नाहीच म्हणाले. जे नाही ते नाही.

मग जावयांनी ठरवलं की डबाच जाग्यावर नेऊन ऐकायचा. फळीवर पुन्हा डबा बसला. आधी शिट्ट्या झाल्या, खालच्या जाड आवाजापासून वर अगदी सुईसारख्या बारीक. आमच्या म्हशीनं त्या सकाळी धार दिली नाही. शेजारचा माणूस बांधावरून विचारायला आला, मोटारीचं बेअरिंग गेलं काय. जावयांनी त्याला बेअरिंग गेल्यावर कोणता आवाज येतो ते तोंडानं काढून दाखवलं आणि हा तो नाही हे पटवून दिलं. मग त्यांनी मुलीची घोषणा खऱ्या डब्यातून वाजवली. मी तूर निवडत होते.

"आता हाच ना, मामी?"

"डबा तोच आहे. आवाज खामगावचाच आहे."

त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. खरा डबा समोर आणि मी तोही नाही म्हणते. त्यांना वाटलं असणार, म्हातारीचे कान गेले. मलाही क्षणभर तसं वाटलं. मी मान खाली घालून तूर निवडत राहिले.

इथे एक सांगायला हवं. आमचं घर गावाबाहेर शेतात आहे आणि आमची वीज विहिरींवरच्या मोटारींच्याच डीपीवरची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरची. घराचे दिवे केव्हाही चालतात, पण मोटारींना पुरेशी वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. तो दिवसाचा आठवडा होता. दहा वाजता वीज आली की सगळ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी आपोआप एकदम सुरू होतात, आणि घरातला विजेचा दाब खाली बसतो. लोकांकडे पांढरे बल्ब आहेत, त्यांना कळत नाही. माझ्या स्वयंपाकघरात अजून जुना पिवळा बल्ब आहे. तो वाकल्यासारखा मंद होतो.

दहा वाजले. बल्ब वाकला. घोषणा चालूच होती. मी मान वर न करता म्हणाले, "हं. आला."

"कोण?"

"आवाज. हा आपला."

जावयांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग बल्बकडे पाहिलं. बल्बकडे बराच वेळ पाहिलं. मग पिशवीतून मीटर काढून भिंतीच्या प्लगात घातलं आणि जमिनीवर बसून हसायला लागले. खामगावला त्यांनी डब्यासाठी खास यंत्र आणलं होतं, दाब जरासुद्धा हलू न देणारं. वाणात आलेला डबा, त्याचा मान ठेवायला नको? मालकांनी जन्मभर तो डबा अर्धपोटी चालवला होता, मांडवात आणि घरीही, कारण त्या काळी मोटारी दिवसभर चालायच्या आणि आमच्याकडे पूर्ण वीज कधी कोणी पाहिलीच नव्हती. जावयांनी त्याला पोटभर जेवू घातलं आणि वर गायला सांगितलं. पोटभर जेवलेला माणूस कसा गातो ते मांडवात कोणीही सांगेल.

आता मोजायचं ते मोटारी चालू असतानाच. सात दिवसांची पाळी, सात दिवसांचं काम. पण तिसऱ्या दिवसापासून एकेकाचं ओलीत, म्हणजे पिकाला पाणी देणं, संपायला लागलं, मोटारी बंद व्हायला लागल्या आणि बल्ब वर यायला लागला. जावई बांधाबांधानं फिरले. पलीकडच्या मळ्यातले म्हातारेबुवा म्हणाले, "जावईबापू, माया हरभऱ्याले पाणी झालं. आता काऊन चालवू मोटार?"

"माया डब्यासाठी चालवा."

"तुमच्या डब्यापायी हरभरा सडवू काय?"

"हरभऱ्याले नका देऊ. पाइप उलटा विहिरीतच सोडा."

म्हातारेबुवांनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. मग मला हाक मारून विचारलं, "बाई, असं चालते काय यांचं नेहमी?" मी म्हणाले, "हो." त्यावर ते विहिरीकडे गेले. दोन दिवस आमच्या शिवारात चार विहिरींचं पाणी चार विहिरींतून वर येऊन त्याच चार विहिरींत पडत होतं. माणसं बांधावर उभी राहून पाहत होती. कोणी हसलं नाही. जावयाचं काम आहे म्हटल्यावर गाव सांभाळून घेतं.

पाचव्या दिवशी दुपारी मुलीचा आवाज "वऱ्हाडी मंडळींना विनंती आहे, जेवून" इथपर्यंत आला आणि थांबला. डबा गुणगुणतही नव्हता. जावयांनी झाकण उघडलं. चार वॉल्व्ह लाल होते, मोठा काळा. त्यांनी तो फडक्यात धरून बाहेर काढला, कानाशी नेऊन हलवला. आत तार तुटल्याचा बारीक आवाज आला. तो मलाही ऐकू आला. दोन दिवसांचं मोजायचं राहिलं होतं.

मी त्यांना ताट वाढलं. ते जेवले. ताट वाजवलं नाही. निघताना डबा इथेच ठेवला. म्हणाले, "तुमच्यापाशीच असू द्या, मामी. आता दह्याच्याही कामाचा नाही." माझ्या हिवाळ्यांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं.

राहिलेलं ते अंदाजानं लिहायला लागले. दर रविवारी खामगावहून यायचे, दारात यायचे आणि टाळी न वाजवता सरळ आत यायचे. मला ते विचित्र वाटायचं, चुकून दुसऱ्याचा जावई आल्यासारखं. प्रत्येक वेळी तीन-चार आवाज आणायचे. हा? नाही. हा? जवळ आला. हा? पुन्हा लांब गेला. खऱ्या डब्याशी ताडून पाहायची सोय उरली नव्हती. एका बाजूला त्यांचा अंदाज, दुसऱ्या बाजूला माझे कान, बाकी काही नाही. मुलगी आता सोबत येत नव्हती. मला फोनवर एवढंच विचारायची, "तू काय म्हणाली?"

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा ते एकच आवाज घेऊन आले. स्पीकर लावताना म्हणाले, "मामी, हा शेवटचा. हा नाही म्हणालात त मी पुसून टाकतो. चुकीचा डबा मामांच्या नावानं जगात नको फिरायले." ते गंमत करत नव्हते. मोटारी चालू होत्या, बल्ब वाकलेला होता. वऱ्हाडी मंडळींना विनंती आहे, जेवून जावे, न जेवता कोणीही जाऊ नये. मी दोनदा वाजवायला लावलं.

"हाव," मी म्हणाले. "हाच."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, चप्पल घातली, आणि उंबऱ्यात उभे राहून एक टाळी वाजवली. जाताना वाजवलेली ती पहिलीच. मान वाकडी करून ती ऐकली आणि गेले.

प्रोग्रॅम बाहेर पडला. मुलीनं मला मोबाइलवर दाखवला. आमचाच डबा, राखाडी, टूथपेस्टच्या टोपणासकट. मी म्हणाले ते टोपण तरी बदलायचं होतं. म्हणे, नाही, ते बदललं तर आवाज बदलेल. एक बटण मात्र जावयांनी नवीन काढलं आहे, त्याचं नाव मोटारी. ते उजवीकडे फिरवलं की दाब खाली येतो आणि आवाज आपला होतो. परमुलखातली पोरं आपल्या गाण्यावर ते बटण फिरवतात आणि त्यांना माहीत नसतं की त्यांच्यासाठी चार विहिरींचं पाणी दोन दिवस गोल गोल फिरलं. एकानं विचारलं, मोटारी म्हणजे काय. जावयांनी त्याला हरभऱ्यापासून सुरू करून लांबलचक पत्र पाठवलं. त्याचं उलटून काही आलेलं नाही. जावयांचं आता बरं चाललं आहे. मुलगी भांडी हळू घासते. जावई येतात, टाळी वाजवतात, आत येतात.

त्या दिवशीचं एक मी कोणाला सांगितलेलं नाही. रविवारमागून रविवार इतके डबे ऐकले की खरा डबा माझ्या कानातून कधी निघून गेला ते मला कळलंच नाही. आता मालकांची घोषणा आठवायला बसले तर ती जावयांच्या डब्यातून येते, आणि तीही मुलीच्या आवाजात. त्या दिवशी मी दोनदा ऐकलं ते पारखायला नाही. खरा सापडतो का ते पाहत होते. सापडला नाही, आणि समोर हा माणूस पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मी खोटं बोलले नाही. मला आठवत नाही, एवढंच मी सांगितलं नाही.

डबा अजून फळीवर आहे. विरजणाचा गंज मी त्यावरच ठेवते, दुसरीकडे ठेवायला हात जात नाही. दहा वाजता मोटारी सुरू होतात, बल्ब वाकतो. तेवढ्यात मी झाकणाला हात लावून पाहते. गार असतं. दही संध्याकाळपर्यंत लागतं, पण जरा पातळच.